वरणफळांच्या मुलखात पास्ता

जालन्यातल्या लग्नांत आता पास्त्याचं काउंटर असतं. एकीकडे पिठलं-भाकरी, दुसरीकडे पाणीपुरी आणि मध्ये उंच पांढरी टोपी घातलेला एक पोरगा 'रेड की व्हाइट?' विचारत कढई हलवत उभा. रेड म्हणजे केचपमध्ये परतलेला, व्हाइट म्हणजे मैद्याच्या खळीत बुडवलेला. दोन्हींतला पास्ता दुपारीच उकडून, गार पाण्याखाली धुऊन, तेल चोळून परातीत काढून ठेवलेला असतो. हजार पानांच्या लग्नात आचाऱ्याला दुसरा उपाय नसतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण तीच रीत आपण घरी आणली. चार माणसांच्या जेवणालाही हजारांचा पास्ता करायचा आणि वर म्हणायचं, 'पोरांना आवडतो म्हणून करते, मला काही त्यात चव लागत नाही.' लागणार कशी? ती चाळणीतून मोरीत गेलेली असते.

हे पुस्तक एकाच पदार्थाभोवती फिरतं: सॉसेज घालून केलेला, सायीचा, रात्रीच्या जेवणाला अर्ध्या तासात होणारा पास्ता. त्याचे वेगवेगळे प्रकार पुढे दिले आहेत. या प्रस्तावनेत मला एवढंच पटवून द्यायचं आहे की तो नीट करायला जे कळावं लागतं, ते जालन्याच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण फक्त पाकीट पाहून बिचकतो आणि एरवी हाताला असलेली अक्कल त्या दिवशी बाजूला ठेवतो.

वरणफळं घ्या. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं. तुरीची डाळ शिजवून घोटायची, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, पाणी जरा सढळ ठेवायचं. कणीक पोळीपेक्षा घट्ट भिजवायची, लाटून सुरीनं चौकोन कापायचे आणि वरण खळखळ उकळत असताना थोडेथोडे सोडायचे. सगळे एकदम लोटले तर गोळा होतो. उकळी यायच्या आधी सोडले तर तळाशी जाऊन बसतात. फळं शिजत आली की त्यांच्या अंगची पिठी वरणात उतरते आणि मघाशी पळीवरून पाण्यासारखं ओघळणारं वरण फळांना धरून राहतं. वरून तुपाची धार. हे कुणाला शिकवावं लागत नाही. या वरणाच्या जागी सॉसेजचा रस आणि साय ठेवा, कणकेच्या चौकोनांच्या जागी पेने ठेवा. उकळी, पिठी आणि शेवटचं तूप तिथल्या तिथे. (जाता जाता: वरणाची तूरही आपल्याच जिल्ह्याची म्हणता येईल. बीडीएन 711 या वाणाच्या नावातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं कोरडवाहू मराठवाड्याला तुरीचे एकाहून एक वाण दिले.)

आणि वळवट? चैत्र-वैशाखात गच्चीवर, बाजेवर, धुतलेल्या लुगड्यावर वाळत पडलेल्या शेवया ज्यांनी राखल्या आहेत, चिमण्यांना हाकलत, त्यांना सुका पास्ता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. घट्ट मळलेलं पीठ, अगदी कमी पाणी, चांगलं कडक ऊन, आणि वर्षभर डब्यात टिकणारी चीज. बोटांवर वळलेले गव्हले, नखानं दाबलेले नखुले, मालत्या. शिवाय आमच्या बाजूला नि पलीकडे विदर्भात होणारे सरगुंडे. पिठाची लांब वळी काडीवर गुंडाळून काडी सोडवून घ्यायची, की आतून पोकळ नळी तयार. आमरसाबरोबर त्या नळ्यांत रस शिरतो म्हणूनच ते खायचे. पेनेची नळी नेमकी याच कामाला असते: सॉस आत शिरावा म्हणून. आता शेवया पाटावर ओढणारे हात कमी झाले. रवा-कणीक घेऊन यंत्रावर जायचं आणि शेवया घेऊन यायचं. तरी कुठल्या गव्हाच्या शेवया तुटत नाहीत हे विचारल्याशिवाय बायका गहू घेत नाहीत.

तो गहू बन्सी. पास्ताही त्याच जातीच्या गव्हाचा, ज्याला पाकिटावर 'ड्युरम' लिहितात. दाणा काचेसारखा कडक, रवा पिवळसर, शिजल्यावर आकार न सोडणारा. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा पंचवटी हा वाण याच जातीतला. इटलीत 1967 साली कायदाच झाला की सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच हवा, मऊ गव्हाची भेसळ चालणार नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून स्वस्त मॅकरोनीच्या पाकिटात साध्या गव्हाचा रवा किंवा मैदाही असू शकतो. पाकीट उलटं करून घटक वाचा. मैद्याची मॅकरोनी दोन मिनिटं जास्त राहिली की लगदा होते आणि दोष स्वयंपाक करणाऱ्याच्या माथी येतो. या पुस्तकातल्या कुठल्याही कृतीला ती चालणार नाही.

पास्ता परका का वाटतो, याला एक उत्तर असं की तो टीव्हीवरून आणि मॉलमधून आला. पण इटली जालन्याला तशी फार नवी नाही. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. 1970 च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. तिचं साम्य निघालं ते थेट इटलीतल्या पॉम्पे शहरात 1938 साली सापडलेल्या मूर्तीशी. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेलं हे शहर, आणि त्यातल्या एका घरात आपल्या घडणीची, अंगभर दागिने ल्यालेली बाई! ती मूर्ती भोकरदनच्या परिसरातच घडली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि त्या पॉम्पेपासून जवळच असलेल्या ग्रान्यानो गावात पुढे पास्त्याचा धंदा एवढा वाढला की मुख्य रस्त्यावर दुतर्फा काठ्यांवर पास्ता वाळत घालत. समुद्राकडून येणारा वारा तिथे, इथे वैशाखाचं ऊन.

मूर्ती गेली तेव्हा तिथे आजच्यासारखा पास्ता नव्हता, हेही सांगून टाकते, नाहीतर 'पास्ता मूळचा भोकरदनचा' असा निरोप उद्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायचा. वाळवून दूरदूर पाठवण्याच्या पास्त्याची ठळक नोंद 1154 सालची, अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाची, आणि तीही सिसिली बेटावरची.

सॉसेज आणि साय ही जोडी मात्र खास एका गावाची म्हणता येते. मध्य इटलीच्या उंब्रिया प्रांतात नोर्चिया नावाचं डोंगरी गाव आहे. डुकराचं मांस कापणं, खारवणं, सॉसेज भरणं यात तिथले लोक इतके तरबेज की असा धंदा करणाऱ्याला इटलीभर 'नोर्चिनो' म्हणतात. तिथला पास्ता 'आला नोर्चिना' म्हणजे सॉसेज आतड्याच्या सालीतून सोडवून खिम्यासारखं मोकळं परतायचं, त्यात साय घालायची, वर मेंढीच्या दुधाचं चीज. रोममधले लोक क्रीमचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्या कार्बोनारात क्रीम नसतं, आणि जगभर क्रीमसाठी प्रसिद्ध असलेल्या अल्फ्रेडोतही मुळात लोणी आणि चीज एवढंच होतं. त्या भांडणात आपण पडायचं कारण नाही. नोर्चियाच्या लोकांनी साय घातली आहे, आपल्याला तेवढा आधार पुरे.

आता सॉसेज. जालन्यात मिळतं ते बहुतेक चिकनचं, गोठवलेलं, कारखान्यात आधीच शिजवलेलं. कुक्कुटपालनाचा धंदा महाराष्ट्रात वाढला तसं ते मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावापर्यंत आलं. त्याआधी मराठी माणसाला सॉसेज माहीत होतं ते मुंबईच्या इराण्याकडचं, नाहीतर मॅफ्कोचं. या सरकारी महामंडळाचा बोरिवलीला चक्क बेकनचा कारखाना होता. गोव्याची गोष्ट निराळी. तिथलं चोरिस म्हणजे डुकराचं मांस, मिरची, लसूण, मिरी आणि भरपूर व्हिनेगर. माळेसारखं बांधून, वाळवून-धुरावून टिकवलेलं. कुणी गोव्याला गेलं की जरूर मागवा. चौघांच्या पास्त्याला शंभर ग्रॅम चोरिस भरपूर होतं, मीठ मुळीच घालायचं नाही, आणि त्याच्या लालभडक तेलात साय मिसळली की जो रंग येतो, तो पाहून घरातले न विचारता पानावर येतात. माझं मत विचाराल तर सायीच्या पास्त्याला चोरिसाइतकं दुसरं काही शोभत नाही. साय त्याचा झणका मोडत नाही, फक्त टोक बोथट करते.

पण डुक्कर पुष्कळ घरांत चालत नाही, आणि पाकिटातलं चिकन सॉसेज मला स्वतःला अर्धंमुर्धंच आवडतं: एकसारखं, रबरासारखं, पिठूळ. म्हणून या पुस्तकात मी जोर दिला आहे तो तिसऱ्या वाटेवर. पाव किलो चिकन खिमा, ठेचलेला सात-आठ पाकळ्या लसूण, चमचाभर भरड कुटलेली बडीशेप, अर्धा चमचा मिरी, थोडं लाल तिखट, मीठ, चमचाभर व्हिनेगर. हातानं मळून पाणी उकळेपर्यंत ठेवून द्या. नोर्चियाचा माणूस शेवटी सॉसेजची साल फाडून टाकतोच, मग आपण साल चढवावी कशाला? बडीशेप वगळू नका. सॉसेजचा जो वास आपल्याला 'इंग्लिश' वाटतो, त्यातला निम्मा तिचा असतो.

आता मुख्य दोन गोष्टी, पाणी आणि साय. बाकी सगळ्यात सूट आहे, यांत नाही.

इटालियन लोक शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ सांगतात. चौघांसाठी साडेतीनशे ग्रॅम पास्ता धरला तर साडेतीन लिटर पाणी होतं. आपल्या घरगुती शेगडीवर तेवढ्याला उकळी येईपर्यंत पोरं बिस्किटं खाऊन मोकळी होतात. मी अडीच लिटर घेते. पास्ता तेवढ्यातही नीट शिजतो, फक्त पहिली दोन मिनिटं झाऱ्यानं हलवत राहायचं. शिवाय कमी पाण्यात पिठी जास्त उतरते आणि ती आपल्याला हवीच आहे. मीठही बेतानं, कारण सॉसेज खारं असतं: अडीच लिटरला सपाट तीन चमचे. तेल घालायचं नाही. तेलानं पास्ता चिकटायचा थांबत नाही, उलट निथळताना त्याच्या अंगाला तेल लागतं आणि सॉस घसरतो. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक पेने काढून दातानं तोडून पाहा. मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसायला हवा. तेव्हाच गॅस बंद करायचा, कारण उरलेलं शिजणं कढईत व्हायचं आहे. आणि पाणी ओतायच्या आधी, हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावलं तरी चालेल, दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवायचं. गढूळ, पेजेसारखं दिसतं ते. पास्ता धुवायचा नाही. धुतलात तर वरणफळं धुऊन वाढल्यासारखं झालं.

साय फुटते ही दुसरी तक्रार. पुष्कळजणी मैद्याचा व्हाइट सॉस करतात तो याच भीतीनं. पण कढी करताना ताकाला डाळीचं पीठ का लावतो आपण? नुसतं ताक तापवलं की त्यातलं प्रथिन आखडून गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं पडतं. पीठ असलं की त्यातला स्टार्च फुगून त्या कणांच्या मध्ये येतो, त्यांना एकत्र येऊ देत नाही. सायीचंही तसंच आहे, आणि इथे ते पीठ आपल्याला आयतं मिळालंय, बाजूला काढलेल्या दोन वाट्या पाण्यात. म्हणून क्रम असा: कढईत चमचाभर तेलावर खिमा किंवा सॉसेजच्या चकत्या टाका आणि लगेच हलवू नका. तळाला खरपूस डाग धरू द्या. कांदा घाला, तो मऊ झाला की एक वाटी पास्त्याचं पाणी ओता आणि तळाचं सगळं खरवडून घ्या. चवीचा मोठा भाग तिथेच चिकटलेला असतो. आच कमी करा. आता साय. बाजारचं क्रीम असेल तर एक वाटी. त्यात साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो, ते सहसा दगा देत नाही. घरची म्हशीच्या दुधाची साय असेल तर आधी फेटून, त्यात दोन चमचे गरम पाणी मिसळून मग घाला, आणि ती आंबूस तर झाली नाही ना हे चाखून पाहा. चार दिवस विरजणासाठी साठवलेली साय इथे चालत नाही. साय पडल्यावर खळखळ उकळी नको, नुसते बुडबुडे. पास्ता त्यात टाकून दोन मिनिटं परता, आटलं तर आणखी पाणी. पळी ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला आणि मग झाकला, की झालं. लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावर. टोमॅटो घालायचा असेल तर सायीच्या आधी, चांगला आटवून.

चीजबद्दल थोडं. इटालियन चीज महाग आणि जालन्यात सहज मिळत नाही. प्रक्रिया केलेलं चीज थोडं किसून घालायला हरकत नाही, पण स्लाइसवर स्लाइस घालून पास्त्याचा गोंद करणं मला मान्य नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्याही इथे नकोत. त्यापेक्षा ताजी मिरी कुटा, मूठभर कोथिंबीर चिरा. स्वीट कॉर्न घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. घरोघरी मुलं असतात.

हा पदार्थ आठवड्यात कधी करायचा, हा प्रश्न आमच्या भागात चवीइतकाच महत्त्वाचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी कुणाचा तरी उपास निघतोच, मध्ये एकादशी-चतुर्थी, श्रावण तर अख्खा. रविवार मटणाचा, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. उरले बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे कामाचे दिवस. एमआयडीसीतून पाळी संपवून येणारा, क्लासवरून येणारी, बँकेतून येणारी, सगळे साडेआठला एकदम घरात आणि एकदम भुकेले. मटणाला लागणारा दीड तास बुधवारी कुणाकडे नसतो. अर्ध्या तासाचा पास्ता या दोन दिवसांसाठी आहे. सामिष भांडी वेगळी ठेवणाऱ्या घरांसाठी सोय अशी की पास्ता उकडणं आणि सायीचं भांडं नेहमीच्या ओट्यावर होतं, फक्त एक कढई वेगळी लागते. जे खात नाहीत त्यांच्यासाठी त्याच पास्त्यातला वाटा काढून भाजलेल्या ढोबळी मिरचीबरोबर करता येतो. ती कृती शेवटच्या भागात आहे.

खरेदीबाबत एक विनंती. पाकीटबंद सॉसेज घेताना तारखेइतकंच दुकानातलं फ्रीझर पाहा. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जाते, वितळलेला माल पुन्हा गोठतो. पाकिटात बर्फाचे खडे साचलेले असतील, सॉसेज एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल, तर ते घेऊ नका, दुकानदार ओळखीचा असला तरी. त्यापेक्षा चिकनवाल्याकडून समोर खिमा करून घ्या, आणि तो मांडीचा मागा. छातीचा खिमा स्वस्त पडला तरी सायीतसुद्धा कोरडा लागतो.